कॉन्टेसाला टर्बो: विदर्भाच्या उन्हात टिकेल असं दीडशे हॉर्सपॉवरचं इंजिन

लांब नाक, रुंद बूड आणि मागच्या चाकांना ताकद, एवढ्या भांडवलावर कॉन्टेसाला आपल्याकडची मसल कार म्हणतात. १९८४ साली ती आली तेव्हा बॉनेटखाली दीड लिटरचं, ५० हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन होतं. गाडी खरी पळायला लागली ती इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आल्यावर: ८८ हॉर्सपॉवर आणि पाच गिअर. हा सगळा मजकूर त्या इसुझू इंजिनाला टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, लावण्याबद्दल आहे. दीड लिटरवाल्या इंजिनावर टर्बोचा खर्च करू नका.

या इंजिनाचं नाव ४झेडबी१. बोअर ८४ मिमी, स्ट्रोक ८२ मिमी, १८१७ सीसी. लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड. याच घराण्यातल्या दोन लिटरच्या ४झेडसी१ ला इसुझूने पियाझा गाडीत कारखान्यातूनच टर्बो लावून दिला होता. म्हणजे ब्लॉकची जात टर्बो सोसणारी आहे. प्रश्न उरतो तो आपल्या उन्हाचा.

आधी कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. ताकद जवळपास दुप्पट केलेल्या इंजिनाला आरटीओ मान्यता देईल असं धरून चालू नका. ५० वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज नोंदणी पहिल्या कॉन्टेसालाही २०३४ आधी लागू होत नाही. तेव्हा ही गाडी खासगी जागेत किंवा ट्रॅकवर चालवायची. गाडीचं मूळ, नंबराचं इंजिन ग्रीस-तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोठ्यात जपून ठेवा आणि टर्बोसाठी दुसरं इंजिन घ्या. अँबेसेडर १८०० आयएसझेडमध्येही हेच इसुझू इंजिन होतं, त्यामुळे ब्लॉक मिळायला फार वणवण होत नाही. हिंदुस्थान मोटर्सचा या इंजिनांचा कारखाना पिथमपूरला होता, म्हणून इंदूरकडच्या जुन्या स्पेअरवाल्यांकडे एक फेरी मारण्यासारखी आहे. पॅकिंग (गॅस्केट) सेट मिळाला तर एक नको, दोन घ्या. हेड किमान एकदा तरी परत उघडावं लागतं.

किती ताकद, आणि एवढीच का

लक्ष्य: क्रँकवर १४५ ते १५० हॉर्सपॉवर, बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा टर्बोने वर चढवलेला दाब) ०.७ बार, कमाल ५८०० आरपीएम. पुण्या-मुंबईचा कोणी बूस्ट १ बारवर नेऊन दाखवत असेल, तर त्याच्याकडची हवा वेगळी आहे हे लक्षात घ्या.

हिशेब असा. आपल्याकडे समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर हवेचा दाब ९७ किलोपास्कलच्या आसपास असतो. ०.७ बार बूस्ट म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) १६७-१६८, म्हणजे दाबाचं गुणोत्तर १.७२. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ३० अंशांची हवा टर्बोमधून १०३ अंशांना बाहेर पडते. अकोला, वर्धा, चंद्रपूरच्या मे महिन्यातली ४५ अंशांची हवा १२१ अंशांना. बरा इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी, यातली ७० टक्के वाढ काढून टाकतो. म्हणजे थंडीत इंजिनात ५२ अंशांची हवा जाते आणि मे महिन्यात ६८ अंशांची. ही तर चालत्या गाडीची गोष्ट. उभ्या गाडीत, तापलेल्या बॉनेटखाली, आकडा याच्याही वर जातो.

हवा जितकी गरम तितकं नॉकिंग लवकर. ठिणगी पडल्यावर आग पसरत असतानाच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं, आणि त्याच्या तडाख्याने पिस्टनची रिंगेखालची कड तुटते. टर्बो इंजिनं बहुतेक याच एका कारणाने मरतात. म्हणून पुढची सगळी मापं उष्णता धरून दिली आहेत आणि बूस्टला सर्वांत शेवटी हात लावायचा आहे.

ब्लॉक, क्रँक, रॉड

लेथचं आणि बोअरिंगचं काम तालुक्याच्या ठिकाणी होतं, पण क्रॅक तपासणी, बॅलन्सिंग आणि चांगलं होनिंग यासाठी नागपूर किंवा अमरावती गाठा. ट्रॅक्टरचे ब्लॉक बोअर करणारा कारागीर हात चांगला असला तरी ट्रॅक्टरच्या मापाने ढिला ठेवतो. त्याला माप तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या.

ब्लॉक पूर्ण उघडा, पाण्याच्या गल्ल्यांतले वेल्श प्लगसुद्धा काढा. आत हमखास तांबडा गाळ निघतो. चौथ्या सिलिंडरमागचा गाळ राहिला तर तोच सिलिंडर आधी तापतो. बोअर पहिल्या ओव्हरसाइझला, ८४.५ मिमीवर न्या. त्याहून पुढे जायचं कारण नाही. भिंत जाड राहिलेली बरी. हेडच्या बोल्टांच्या ताणाने सिलिंडर किंचित वाकडा होतो, म्हणून होनिंग करताना वर जाड पोलादी टॉर्क प्लेट आवळायला सांगा. ती दुकानात नसेल तर ४० मिमी जाड प्लेटला चार भोकं बोअर करून घ्या, पुन्हा उपयोगी पडते.

पिस्टन फोर्ज्ड हवेत. मूळ ओतीव पिस्टनवर ०.३५-०.४ बारपुढे जाऊ नये. या इंजिनाचे फोर्ज्ड पिस्टन तयार मिळत नाहीत, मापं देऊन बनवून घ्यावे लागतात. मापं पाठवण्याआधी पुढचा कॉम्प्रेशनचा भाग पूर्ण करा, कारण पिस्टनच्या डोक्यावरची खळगी किती सीसीची ते तिथे ठरतं. पिस्टन आणि बोअरमधली फट पिस्टन बनवणारा सांगेल तीच ठेवा, साधारण ०.०७ ते ०.१ मिमी येते. थंड इंजिनात थोडा खडखडाट होतो, त्याने घाबरायचं नाही.

रिंगेची फट बोअरमध्ये रिंग बसवून फिलर गेजने मोजा: वरची ०.४२ मिमी, दुसरी ०.४६. डब्यातून काढलेली रिंग बहुधा याहून घट्ट असते. टर्बोच्या गरमीत रिंगेची टोकं एकमेकांना भिडली की ती बोअरला ओरबाडते आणि पिस्टनचा काठ उपटून आणते. कानसने टोक एकाच बाजूने, बाहेरून आतल्या दिशेने घासा. उलट घासलं तर काठावरचा मुलामा उडतो.

क्रँक ग्राइंड करायचा झाल्यास ०.२५ मिमीच्या एकाच अंडरसाइझवर थांबा. इथे एक गोष्ट स्वतः डोळ्यांनी तपासा: जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग) जिथे उभ्या भिंतीला मिळतो तिथे गोलाई शिल्लक आहे का. घाई करणारा ग्राइंडर दगडाची कड टोकदार ठेवतो, काटकोन पडतो आणि क्रँक नेमका तिथूनच तुटतो. बोटाचं नख फिरवलं की कळतं: गोलाई असेल तर नख घसरत वर चढतं, काटकोन असेल तर अडकतं. बेअरिंगची फट प्लॅस्टिगेजने (दाबल्यावर रुंदीवरून फट सांगणारा प्लास्टिकचा बारीक धागा) मोजा, मेनला ०.०४ ते ०.०६ मिमी, बिग एंडला ०.०४ ते ०.०५५.

मूळ रॉड या ताकदीला पुरतात, रॉडचे बोल्ट पुरत नाहीत. नवे बोल्ट टाका, टाकल्यावर बिग एंडचा गोल परत मापात करून घ्या आणि चारही रॉड एका ग्रॅमच्या आत जुळवा. पिस्टन-पिनसहित वजनाचंही तसंच. सोनाराकडचा काटा या कामाला उत्तम.

कॉम्प्रेशन: दोन पॅकिंगचा जुगाड नको

टर्बोसाठी कॉम्प्रेशन कमी करायचं म्हणून हेडखाली दोन पॅकिंग एकावर एक टाकण्याची पद्धत आहे. स्वस्त आहे, आणि चुकीची आहे. पिस्टन वर आल्यावर हेडच्या सपाट भागाशी जी बारीक फट उरते, तिथून मिश्रण दाबून मध्यभागी फेकलं जातं. त्याने आग लवकर पसरते आणि नॉकिंग टळतं. फट १ ते १.२ मिमी हवी. पॅकिंग दुप्पट केलं की ती अडीच मिमीच्या घरात जाते, मिश्रण कोपऱ्यात पडून राहतं, आणि कॉम्प्रेशन कमी करूनही नॉकिंग पहिल्यापेक्षा लवकर येतं. शिवाय दोन पॅकिंगच्या मधून पाणी पाझरतं ते वेगळंच. कॉम्प्रेशन पिस्टनच्या खळगीतून कमी करायचं, फटीतून नाही.

आपल्याला कॉम्प्रेशन ८.५ ला १ हवं आहे, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा वर असतानाच्या साडेआठपट. ८४.५ मिमी बोअरला एका सिलिंडरची क्षमता ४५९.८ सीसी. तिला ७.५ ने (८.५ वजा १) भागा: पिस्टन वर असताना एकूण ६१.३ सीसी जागा उरली पाहिजे.

आता हेडची जागा मोजायची. हेड उलटं, अगदी समतल ठेवा. व्हॉल्व्ह आणि प्लग बसवलेले हवेत. चेंबरच्या कडेला ग्रीसचा पातळ थर देऊन त्यावर ६ मिमीचा पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा दाबा. तुकड्याला काठाजवळ दोन भोकं, एक भरायला, एक हवा निघायला. मेडिकल स्टोअरमधल्या ५० सीसीच्या सिरिंजने रंग टाकलेलं रॉकेल भरा. शेवटचा बुडबुडा भोकाखाली येऊन फुटला की आकडा लिहा. चारही चेंबर मोजा. फरक अर्ध्या सीसीपेक्षा जास्त असेल तर लहान चेंबर घासून मोठ्याच्या बरोबरीला आणा.

समजा चेंबर ४७ सीसी निघालं. पॅकिंग दाबल्यावर १.२ मिमी जाड आणि त्याचं भोक ८६ मिमी असेल, तर त्याचे ७ सीसी. पिस्टन ब्लॉकच्या तोंडाशी बरोबर सपाट येतो असं धरलं तर ६१.३ मधून ५४ वजा, खळगी ७.३ सीसीची. हाच आकडा पिस्टनवाल्याला द्यायचा. हेडचं फेसिंग आधी झालेलं असावं, कारण नंतर ०.३ मिमी घासलं तरी सव्वा-दीड सीसी निघून जातात. आणि ‘साफ होईपर्यंत घास’ असं कधीच सांगू नका. सरळ पट्टीखाली ०.०५ मिमीचं पान जात नसेल तर हेड आहे तसंच चांगलं आहे.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटची रुंदी १.५ ते २ मिमी ठेवा. व्हॉल्व्हची गरमी त्याच रस्त्याने हेडमध्ये उतरते. बारीक सीट हवेच्या वहनाला बरी असते, पण आपल्याकडे व्हॉल्व्ह जाळून बसते.

टर्बो आणि मॅनिफोल्ड

५५०० आरपीएमला, ०.७ बारवर, मे महिन्यातली हवा धरून हे इंजिन मिनिटाला साधारण ६.८ किलो हवा ओढतं. या मापाला मित्सुबिशीचा टीडी०४ किंवा गॅरेटचा जीटी२०५६ बसतो. तीन हजारांच्या आत बूस्ट येतो आणि वरही दम टिकतो. भंगारातून स्कॉर्पिओ-सफारीचा डिझेल टर्बो स्वस्तात मिळतो, तो मोह आवरा. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा शंभर-दीडशे अंशांनी जास्त गरम असतो. डिझेलच्या पाकळ्या हलवणाऱ्या टर्बोमध्ये त्या पाकळ्याच आधी अडकतात, आणि अडकलेल्या टर्बोचा बूस्ट आवरता येत नाही.

जुना टर्बो घेताना दांडा बोटाने वर-खाली हलवा. किंचित हलणं ठीक. पुढे-मागे मात्र हाताला जाणवेल इतकाही हलता कामा नये. कॉम्प्रेसरच्या पात्यांची टोकं भिंग लावून पाहा. धुळीने खाल्लेली असतील तर कडा ब्लेडसारख्या पातळ आणि दातेरी दिसतात.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे हेडमधला धूर टर्बोपर्यंत नेणाऱ्या नळ्या, इथेच बनतं. ३२ मिमी नॉमिनल, शेड्युल ४० चे बटवेल्ड एल्बो घ्या. भिंत साडेतीन मिमीची असते. फ्लँज १२ मिमी जाड. टिग वेल्डिंग हवं. गावात शेतीची थ्री-फेज लाइन पाळीने येते आणि व्होल्टेज पडतं, तेव्हा एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडे जाणं सोयीचं. वेल्डिंगच्या वेळी फ्लँज जाड प्लेटवर आवळलेली असू द्या. तरीही ती वाकतेच, म्हणून शेवटी मिलिंगवर सपाट करून घ्या. पहिल्या आणि चौथ्या पोर्टजवळचे बोल्टचे होल अर्धा मिमी मोठे ठेवा, तापल्यावर लांबी वाढायला जागा लागते. टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर लोंबकळत ठेवू नका. खालून ब्लॉकपर्यंत एक आधार द्या, नाहीतर पांदण रस्त्याच्या गचक्यांनी वेल्डशेजारी तडा जातो.

टर्बोपासून ब्रेकचा मास्टर सिलिंडर, स्टिअरिंगचा दांडा आणि पेट्रोलची नळी किती लांब आहेत ते वेल्डिंगच्या आधी मोजा. १० सेंटिमीटरच्या आत काही येत असेल तर मधे पत्र्याची हीट शील्ड, पत्र्याच्या दोन्ही बाजूंना हवा खेळेल अशी. टर्बोपुढचा धुराचा पाइप (डाऊनपाइप) ६३ मिमीचा आणि शेवटपर्यंत तोच.

ऑइलचा रस्ता

इथे चुकलं की लोक टर्बो खराब निघाला म्हणतात. ऑइल टर्बोमध्ये दाबाने जातं, पण परत येतं फक्त स्वतःच्या वजनाने आणि फेसाळलेलं. परतीची नळी आतून किमान १६ मिमी, शक्यतो १९ मिमी, उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या आत आणि कुठेही खोलगट न होता इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये (संपमध्ये) उतरली पाहिजे. चेंबरमध्ये शिरायची जागा ऑइलच्या पातळीच्या वर. ती खाली असली तर परतीचं ऑइल तुंबतं, सीलमधून बाहेर पडतं आणि निळा धूर येतो. मग टर्बो बदलला जातो, आणि नवाही तसाच धूर काढतो. चेंबरला बुश वेल्ड करायचं तर चेंबर खाली काढूनच. लागलेल्या चेंबरला भोक पाडून टाकलेला एक लोखंडी कीस मेन बेअरिंग खातो.

साध्या बेअरिंगच्या टर्बोला ऑइल मोकळं द्या. बॉल बेअरिंगवाल्याला मात्र वाटेत १ मिमीची जेट लागते. टर्बोची पाण्याची लाइन जोडायचीच, कंटाळा करायचा नाही. थर्मोस्टॅटसह ऑइल कूलर लावा. बूस्ट असताना क्रँककेसमध्ये वाफ वाढते, म्हणून ब्रीदरची नळी रुंद करून कॅच कॅनमध्ये (ऑइल अडवणाऱ्या डब्यात) सोडा आणि पीसीव्हीमध्ये (क्रँककेसची वाफ इंजिनात परत नेणाऱ्या नळीत) एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह ठेवा. नाहीतर डिपस्टिक उडते आणि सगळं बॉनेट ऑइलने माखतं.

पाणी, धूळ, सरकी-कुटार

रेडिएटर तांब्या-पितळेचा, जास्त रांगांचा करून घ्या. दोन इलेक्ट्रिक पंखे, मागे पूर्ण शीट. पाणी डिस्टिल्डच, निम्मं कूलंट. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं किंवा बोअरचं पाणी एकदाही टाकू नका. ॲल्युमिनियमचं हेड पाण्याच्या भोकांभोवती खाल्लं जातं आणि पॅकिंग धरत नाही.

इंटरकूलर नाकात, रेडिएटरच्या पुढे. कोअर ४५० बाय २३० बाय ६५ मिमीच्या आसपास पुरतो. जुन्या डिझेल गाडीचा वापरणार असाल तर आतलं ऑइल रॉकेलने तीन-चारदा धुऊन सुकवा. ऑइलची वाफ इंजिनात गेली की पेट्रोलचा ऑक्टेन कमी होतो. कोअरपुढे बारीक जाळी, सहज निघेल अशी. कापूस जिनिंगला जायच्या दिवसांत रुई आणि सोयाबीनच्या मळणीत कुटार इतकं उडतं की आठवड्यात कोअरचा तोंडवळा बुजतो, आणि बाहेरून तो फक्त मळका दिसतो.

एअर फिल्टर तेल लावायचा कोनवाला नको. काळ्या मातीची बारीक धूळ त्यातून जाते. पिकअप किंवा लहान ट्रकचा कागदी फिल्टर, बंद डब्यात, हवा बॉनेटबाहेरून घेणारा.

पेट्रोल

पंपावर आता ई२० मिळतं. त्याचा ऑक्टेन ९५, ही टर्बोसाठी चांगली बातमी. इथेनॉल हवेला थोडं थंडही करतं. वाईट बातमी जुन्या गाडीसाठी: मूळ रबरी नळ्या मऊ पडून फुगतात, टाकीतला गंज सुटतो, आणि पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी राहिली तर पेट्रोलमध्ये उतरलेलं पाणी तळाशी वेगळं होतं. टाकी आतून साफ करा, सगळ्या नळ्या इंजेक्शनच्या दाबाच्या, इथेनॉल सोसणाऱ्या आर ९ प्रतीच्या टाका. गाडी उभी करायची असेल तर टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा.

कार्ब्युरेटर ठेवून टर्बो लावता येतो, पण हवेच्या तापमानाप्रमाणे ठिणगी मागे घेणं, म्हणजे उशिरा पाडणं, त्यात जमत नाही, म्हणून आपल्या हवामानात इंजेक्शनच. १५० हॉर्सपॉवरला ई२० वर तासाला सुमारे ५९ लिटर पेट्रोल लागतं. इंजेक्टर मिनिटाला ३७० ते ४४० सीसीचे. पंप तासाला १९० लिटरचा. बूस्टमध्ये रेलचा दाब ३.७ बार होतो आणि त्या दाबाला पंप डब्यावर लिहिलंय तितकं देत नाही. पंपाला वेगळा रिले आणि ४ चौरस मिमीची वायर. व्होल्टेज १३.५ वरून १२ वर आलं की पंप थकतो, मिश्रण पातळ होतं आणि नॉकिंग सुरू होतं. दोष मात्र ट्यूनिंगला लागतो. रेग्युलेटर बूस्टच्या नळीला जोडलेला, मूळ दाब ३ बार. टाकीशेजारी सव्वा लिटरचा सर्ज टँक, म्हणजे वळणावर पंप हवा ओढणार नाही.

ईसीयू आणि ठिणगी

स्पीडुइनो, मेगास्क्वर्ट, रसईएफआय यांपैकी कोणताही स्टँडअलोन ईसीयू, म्हणजे इंजेक्शन आणि ठिणगी सांभाळणारा स्वतंत्र कॉम्प्युटर, चालेल. सोबत ३ बारचा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा), हवेच्या तापमानाचा सेन्सर इंटरकूलरनंतर, आणि एलएसयू ४.९ चा वाइडबँड (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण सांगणारा सेन्सर).

क्रँकच्या पुलीवर ३६ वजा १ चं (३६ दात्यांतला एक गाळलेलं) दातेरी चाक लागतं, त्यावरून ईसीयूला क्रँक कुठे आहे ते कळतं. पुली आतल्या हबवर आणि बाहेरच्या कड्यावर अशी दोन तुकड्यांची असून मधे रबर असतं. चाक आतल्या हबला बसवा. बाहेरच्या कड्याला बसवलं आणि जुनं रबर सरकलं की कड्यावरची टायमिंगची खूण आणि चाक दोन्ही एकत्र सरकतात. टायमिंग लाइट १० अंश दाखवते, इंजिनात प्रत्यक्ष १८ पडत असतात.

प्लग एक पायरी थंड. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे ६ असेल तर ७, बॉशमध्ये उलट. गॅप ०.६५ मिमी. जास्त ठेवलात तर बूस्टमध्ये ठिणगी विझते आणि गाडी मिसिंग मारते.

नॉकसाठी सेन्सर ब्लॉकच्या मध्यावर, थेट लोखंडावर, २० न्यूटनमीटरने आवळलेला. या बोअरला आवाजाची वारंवारता साधारण ६.८ किलोहर्ट्झ येते, ईसीयूत तीच टाका. सेन्सरवर भागत नाही, कानही हवेत: ८ मिमीच्या तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून ब्लॉकला बोल्ट करा, दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून ती कानावरच्या मफमध्ये न्या. नॉकिंग होताना टिनावर चणे पडल्यासारखा आवाज येतो, तो एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही.

पहिला स्टार्ट

त्याआधी हवेची गळती. टर्बोच्या तोंडाला बूच लावून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने ०.८ बार हवा भरा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावा. बुडबुडा दिसेल तिथला क्लॅम्प बदला. क्लॅम्प जितका रुंद तितका बरा.

प्लग काढून, इंजेक्टर बंद ठेवून, ऑइलचा दाब दोन बार दिसेपर्यंत सेल्फ मारा. दर १५ सेकंदांनी थांबा, सेल्फ तापतो. टर्बोची परतीची नळी सैल करून ऑइल खरंच येतंय का ते पाहा. ईसीयूत टायमिंग १० अंशांवर बांधा आणि लाइटने पुलीवर तेच दिसेपर्यंत ऑफसेट बदला. साधं मिनरल २०डब्ल्यू-५० भरा.

सुरू झाल्यावर तासभर आयडलवर ठेवण्याची चूक करू नका; रिंगा बसत नाहीत, बोअर काचेसारखा होतो. इंजिन तापलं की बूस्ट न आणता, मध्यम भारावर ५० किलोमीटर चालवा, मग ऑइल बदला आणि जुना फिल्टर कापून पाहा. पुढचं ऑइल ५०० किलोमीटरला.

ट्यूनिंग

समृद्धी महामार्गावर बूस्ट तपासायचा मोह कितीही झाला तरी नको. डायनो जवळ नसेल तर मोकळ्या खासगी पट्टीवर तिसऱ्या गिअरमध्ये, २५०० ते ५५०० आरपीएमपर्यंतचे ओढे काढा, म्हणजे पेडल पूर्ण दाबून गाडी ओढा, आणि प्रत्येक ओढ्याचा लॉग ठेवा. शेजारी लॅपटॉप धरणारा दुसरा माणूस हवाच.

मिश्रण लॅम्डामध्ये पाहा (१ म्हणजे हवा-पेट्रोल अगदी बरोबर, त्याखाली पेट्रोल जास्त), हवा-पेट्रोलच्या जुन्या गुणोत्तरात नाही. ई२० चं गुणोत्तर साध्या पेट्रोलचं नसतं आणि गोंधळ उडतो. क्रूझला १.०, बूस्टमध्ये ०.८० ते ०.८२. ठिणगीचं टायमिंग १६८ किलोपास्कलवर, ३५०० आरपीएमला १२ अंशांनी सुरू करा, ५५०० ला १६. एका वेळी एकच अंश वाढवा आणि दोन ओढ्यांनंतर गरम इंजिन बंद करून प्लग काढा. चिनी मातीवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे किंवा चमकते ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. दोन अंश मागे या, तिथेच थांबा.

हवेच्या तापमानाचा तक्ता सर्वांत महत्त्वाचा. ५० अंशांपर्यंत काही कापू नका, पुढे दर ८ अंशांना एक अंश टायमिंग मागे. ७० च्या वर बूस्ट वेस्टगेटच्या (जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर सोडा, आणि स्प्रिंग ०.५ बारचीच घ्या. हिवाळ्यात बसवलेला ईसीयूचा नकाशा (पेट्रोल-टायमिंगचे तक्ते) एप्रिल-मेच्या दुपारी दोन ते चारमध्ये परत तपासल्याशिवाय काम झालं म्हणू नका. दिवाळीत छान पळणारी आणि अक्षय्य तृतीयेला पिस्टन फोडणारी गाडी याच एका तपासणीअभावी होते.

ईसीयूत दोन कुलपं आधीच लावा: मॅनिफोल्डचा दाब १८२ किलोपास्कलच्या वर गेला की इंजिन कट, आणि ३००० आरपीएमच्या वर ऑइलचा दाब १.५ बारखाली आला की इंजिन कट.

बाकीची गाडी

टॉर्क २०० न्यूटनमीटरच्या वर जातो, मूळ क्लच घसरतो. प्रेशर प्लेट कडक करून घ्या. ब्रेक मात्र टर्बोच्या आधी व्हायला हवेत: नव्या नळ्या, नवे सिलिंडर, पुढे चांगले पॅड. इंजिन माउंटचं रबर ताजं हवं, नाहीतर पहिल्याच ओढ्यात डाऊनपाइप बॉडीवर आदळतो.

ऑइल दर ३००० किलोमीटरला. एअर फिल्टर रस्त्यापेक्षा धूळ पाहून बदला. जोरात चालवून आल्यावर इंजिन दोन मिनिटं आयडलवर ठेवा. इंटरकूलरची जाळी कापसाच्या दिवसांत दर रविवारी काढून मागच्या बाजूने हवा मारा. पुढून मारलेली हवा रुई आत ढकलते.